नो क्लेम अप्पा

हुबळीहून माझी बदली धारवाडला झाली तेव्हा मी आणि माझी बायको माळमड्डीत खोली शोधत बरेच दिवस फिरलो. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असायची आणि आम्ही आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. एका बाईंनी तर आम्हाला चहा दिला, बायको शिक्षिका आहे म्हणून तिचं कौतुक केलं, मग आडनाव विचारलं आणि कप आत नेता नेता म्हणाल्या, "इथं पाण्याचा फार त्रास आहे हो." माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते, आम्ही बौद्ध. पाण्याचा त्रास आमच्या घराण्याला नवा नव्हता.

अप्पांच्या घरी गेलो तो पावसाळा होता. कंपाउंडात पत्र्याच्या छपरीखाली एक जुनी, दोन दारांची विलायती मोटार चार बाजूंनी विटा लावून उचलून ठेवलेली होती, आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून एक स्थूल गृहस्थ बसले होते. कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसतं तसे.

"नोकरी कुठं?" त्यांनी विचारलं.

"विमा कंपनीत."

ते उठून उभे राहिले. "मोटार का फायर?"

"मोटार."

"या री, आत या! अगं ऐकलीस काय, मोटार खातं आलंय आपल्याकडं!"

आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढं कधीच विचारलं नाही. गल्लीतल्या दोघातिघांनी त्यांना गाठून "अप्पा, कुणाला ठेवून घेतलंत माहीत आहे ना?" असं विचारलं, तेव्हा अप्पांनी अभिमानानं सांगितलं, "मोटार खात्यातले आहेत!" विचारणाऱ्यांचा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. हा मनाचा मोठेपणा होता की डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती, यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद झाला. बायको मोठेपणा म्हणायची. मी त्यांच्या पॉलिसीचं काम बघत होतो, त्यामुळं माझं मत वेगळं होतं.

अप्पांची अळणावरला लाकडाची वखार होती. ती पुतण्याच्या हवाली करून ते आणि त्यांची बायको धारवाडात येऊन राहिले होते. तिला सगळे अक्का म्हणत. सगळ्या गल्लीचे ते अप्पा. पाठीमागं 'नो क्लेम अप्पा'. हे त्यांना ठाऊक होतं, आणि अप्पांना लाज वाटावी अशी नाव ठेवणाऱ्यांची अपेक्षा होती, तिच्या जागी त्यांना अभिमान वाटायचा.

मोटारीच्या विम्यात त्या काळी सवलती मोजक्या होत्या आणि अप्पांनी त्या झाडून सगळ्या घेतलेल्या होत्या. वर्षभर कंपनीकडं नुकसानभरपाई, म्हणजे क्लेम, मागितला नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळे. बिनक्लेमचं दुसरं वर्ष गेलं की सूट एक पायरी वर चढे, तिसरं गेलं की आणखी वर. एकदा क्लेम आला, मग तो तुमच्या गाडीचा असो की तुमच्या गाडीखाली आलेल्या माणसाचा, की सापशिडीतल्यासारखं थेट खाली. मोटारवाल्यांच्या संघाचं सभासद असलं की थोडी सूट. नुकसानीचा पहिला भाग माझा मी सोसतो असं लिहून दिलं की आणखी थोडी. आणि गाडी सलग काही महिने बंद ठेवून तसं कंपनीला कळवलं, तर तेवढ्या काळापुरता हप्त्यातला काही भाग परत. म्हणून अप्पांची मोटार दर पावसाळ्यात विटांवर चढायची ती दसऱ्याला उतरायची.

एकदा मी त्यांना समजावून सांगायला गेलो. "अप्पा, तुम्ही क्लेम कधीच करणार नाही ना? मग हा सगळ्यात मोठा विमा कशाला काढता? कायद्यापुरता साधा काढा. हप्ता एकदम खाली येईल."

"आणि सवलत?"

"हप्ताच लहान झाला की सवलतही लहान होणार."

"मग?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं मास्तरनं ढ पोराकडं बघावं. मोठी सवलत मिळावी म्हणून मोठा विमा, आणि ती टिकावी म्हणून त्या विम्याचा काडीचाही उपयोग करायचा नाही. हे त्यांचं गणित.

कंजूष म्हणावं तर तेही नाही. गल्लीतल्या मुलांच्या फिया ते गुपचूप भरत. आमच्या घरी पाव्हणे आले की अक्कांनी विचारायच्या आधी अप्पा फणस पाठवत. पैशाचं त्यांना काही नव्हतं. त्यांना पाहिजे होती ती शाबासकी, आणि आयुष्यात ती देणारं एकच ठिकाण त्यांना सापडलं होतं, ते आमचं ऑफिस.

सुभाष रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर आम्ही बसायचो. हप्ता भरायला लोक येत ते दात काढून घ्यायला आल्यासारखे. अप्पा येत ते लग्नाला आल्यासारखे. काळा कोट, डोक्याला टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजल्या की आमचे मॅनेजर, एक शांतताप्रिय बंगळूरकर गृहस्थ, समोरची फाइल उघडून तिच्यात तोंड घालत.

अप्पा माझ्यासमोर बसत. मला ते नावानं हाक मारत नसत. "ओ इन्शुरन्स," म्हणत, "वाचा री."

"काय वाचू?"

"सवलत. मोठ्यानं."

मग मी त्यांच्या सगळ्या सवलती क्रमानं मोठ्यानं वाचायचो आणि ते डोळे मिटून सहस्रनाम ऐकावं तसे ऐकायचे. एकदा शेजारच्या खुर्चीवर एक लॉरीवाला बसला होता. अप्पांनी त्याला पेढा देण्यासाठी हात पुढं केला आणि सहज विचारलं, "तुम्ही कशासाठी आलाय?"

"क्लेमसाठी री. लॉरी पलटी झाली."

अप्पांचा पुढं गेलेला हात पेढ्यासकट मागं आला. खुर्चीही त्यांनी हळूच वीतभर लांब सरकवली. लॉरीवाल्याच्या हाताला बांधलेलं प्लॅस्टर त्यांना दिसलंच नसावं.

या शाबासकीची किंमत अक्का भरत होत्या. हुबळीच्या दाजीबानपेठेत अप्पा एकदा लग्नाचं कापड घ्यायला गेले होते. तिथं एका व्यापाऱ्याचा टेंपो मागं येता येता त्यांच्या मोटारीच्या डाव्या बाजूवर आदळला. डावं दार आत चेपलं, बिजागरी तुटली. व्यापारी भला माणूस. हात जोडून म्हणाला, "अण्णा, चूक आमच्या ड्रायव्हरची. माझ्या विम्यातून करून देतो, तुम्हाला काही तोशीस नाही."

"तुमच्या क्लेममध्ये माझ्या गाडीचा नंबर येणार?"

"यायलाच पाहिजे की."

"मग नको."

आणि अप्पांनी काथ्याच्या दोरीनं दार बांधून टाकलं. आता दोन दारांच्या मोटारीचं एक दार बांधल्यावर राहिलं एकच, ड्रायव्हरच्या बाजूचं. त्यामुळं कुठं जायचं झालं की आधी अक्का उजवीकडून आत शिरायच्या, स्टिअरिंगखालून, गिअरच्या दांड्यावरून नऊवारी सावरत पलीकडं सरकायच्या, आणि मग राजासारखे अप्पा बसायचे. उतरताना उलटी वरात. गल्लीतली बायकामाणसं हा सोहळा बघायला दारात येत. अक्का कुणाकडं न बघता म्हणायच्या, "बघा बघा. सवलत चाललीय माझी."

स्वखर्चानं तरी दार दुरुस्त करून घ्या, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "गॅरेजात गाडी दिसली की लोक म्हणणार, अप्पांचा अपघात झाला."

"झालाच आहे की."

"क्लेम कुठाय?" ते म्हणाले. क्लेम नाही म्हणजे अपघात नाही. हे ते चेष्टेनं म्हणतात असं मला काही वर्षं वाटत होतं.

त्यांची मुलगी बाळंतपणाला आली ती नेमकी आषाढात. दुपारी कळा सुरू झाल्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मोटार विटांवर. जावई अळणावरच्या वखारीतून जॅक मागवायच्या गोष्टी करू लागला. अप्पा छपरीच्या तोंडाशी हात पसरून उभे. "गाडी बंद आहे म्हणून मी कळवलंय. बंद म्हणजे बंद." शेवटी अक्कांनीच टांगा बोलावला. पोरीला आत बसवलं, स्वतः चढल्या आणि टांगा त्याच छपरीसमोरून, चादर पांघरून सुक्या जागी उभ्या असलेल्या मोटारीसमोरून भिजत गेला. अप्पा छत्री घेऊन टांग्यामागनं पळत होते आणि घोडेवाल्याला ओरडून सांगत होते, "सावकाश, सावकाश! रस्ता खराब आहे!" नातू सुखरूप झाला. बारशाला अप्पांनी अख्ख्या गल्लीला जेवण घातलं. त्या जेवणात मोटारीच्या टपावर पत्रावळी मात्र त्यांनी कुणाला ठेवू दिल्या नाहीत.

इथवर आम्ही सगळे हसत होतो. पुढच्या दसऱ्यानं ते हसणं थांबलं.

दसऱ्याच्या दोनेक दिवस आधी गॅरेजचा मिस्त्री आला. गाडी विटांवरून उतरवली, इंजिन चालू करून बघितलं. मग म्हणाला, "अप्पा, ब्रेकचं काही खरं नाही. सगळा पावसाळा उभी आहे, आत गंज धरला असेल. रस्त्यावर जरा चालवून बघायला पाहिजे."

"दसऱ्यापर्यंत गाडी बंद आहे."

"अहो, लांब नाही. गल्लीच्या टोकापर्यंत."

"गल्ली म्हणजे रस्ता नाही?"

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "नेऊ द्या की अप्पा. ब्रेकचा प्रश्न आहे."

अप्पा लालबुंद झाले. "तुम्ही कंपनीचं मीठ खाता आणि कंपनीला फसवा म्हणून मला सांगता? मुदतीत गाडी रस्त्यावर आली तर ती सवलत चोरीची झाली!"

मिस्त्रीनं हत्यारं गोळा केली आणि गेला. जाताना फाटकाशी म्हणाला, "एक दिवस थांबून काढा, मी येतो." पण दसऱ्याचा मुहूर्त अप्पा कशाला चुकवतील?

दसऱ्याला सकाळी मोटारीची पूजा झाली. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, नारळ. अक्का नेहमीच्या रीतीनं उजवीकडून डावीकडं सरकल्या आणि दोघं केलगेरीकडं अक्कांच्या चुलतभावाला बन्नी द्यायला निघाली. आमच्याकडं दसऱ्याला शमीची पानं देतात, त्याला बन्नी म्हणतात. 'बन्नी घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणायचं आणि पाया पडायचं.

तासाभरात अप्पा एकटेच परत आले. मोटार बैलगाडीच्या वेगानं येत होती. उजवा दिवा फुटलेला, माळ तुटून एका बाजूला लोंबकळत होती.

"अप्पा, काय झालं? अक्का कुठं?"

"काही नाही. दिव्याची काच फुटली," ते म्हणाले. हात मात्र स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

थोड्या वेळानं टांगा आला. अक्का उतरल्या. साडीला रक्त लागलं होतं आणि दूध सांडून वाळलं होतं.

"काच फुटली?" त्या म्हणाल्या. "मारुतीचा पाय फुटलाय, तेवढं सांगितलं काय ह्यांनी?"

मारुती म्हणजे आमच्या गल्लीला दूध घालणारा तरुण. अळणावरजवळच्या एका खेड्यातला मराठी शेतकऱ्याचा मुलगा. सकाळच्या गाडीनं कॅन घेऊन यायचा आणि सायकलवरून धारवाडभर फिरायचा. केलगेरीच्या उतारावर तो आपल्या बाजूनं चालला होता. अप्पांनी ब्रेक दाबला, ब्रेक लागला नाही. सायकल, कॅन आणि मारुती तिन्ही मोटारीखाली.

"उचलून गाडीत घालायला गेलो," अक्का सांगत होत्या, "तर दार दोरीनं बांधलेलं. उजवीकडनं मोडक्या पायाचा माणूस आत जाईना. हे गाठ सोडवत बसले. पावसात भिजून वाळलेली गाठ ती, सुटतेय कुठली! पोरगं रस्त्यावर ओरडतंय, आणि हे गाठ सोडवताहेत. शेवटी टांग्यात घालून मी नेलं सिव्हिलला."

"मी कोयता आणायला निघालो होतो," अप्पा पुटपुटले.

"सुम्न कूडरी!" अक्का म्हणाल्या. गप्प बसा. नवऱ्याला त्या असं गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाल्या ते पहिल्यांदाच. अप्पा बसले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र अप्पांनी जे केलं ते बघून लोक त्यांचे गोडवे गाऊ लागले. मारुतीला स्पेशल खोली, हुबळीहून हाडांचा डॉक्टर, रोज फळं, घरचा डबा. त्याचा थोरला भाऊ गावाहून आला त्याची राहण्याची सोय. मारुतीच्या उशाशी खुर्ची टाकून अप्पा तासन्‌तास बसायचे. भावाचे डोळे भरून यायचे. "मोठा माणूस आहे हो," तो मला म्हणाला. "मी जिवंत असेपर्यंत मारुतीला काही कमी पडू देणार नाही, म्हणालेत. फक्त कोर्टकचेरी नको, म्हणालेत."

ते 'फक्त' ऐकलं आणि मला सगळं कळलं. पोलिसांत नोंद झाली होती, पण भावानं तक्रार दिली नव्हती. कंपनीकडं क्लेम आला नव्हता. अप्पा सफरचंदं सोलून सोलून आपली वरची पायरी राखत होते.

ऑफिसात मी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी फाइलीतून तोंड वर काढलं. "विमेदार मागत नाही, जखमी मागत नाही. मग तुम्ही कोण मागणारे? होगली बिडरी." जाऊ द्या. कंपनीलाही अप्पांसारखी माणसं प्रिय होती, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पाय जुळला, पण आखूड जुळला. सायकल आता जन्मात चालवता येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं त्या दिवशी अक्का आमच्या खोलीत आल्या. पाटावर बसल्या आणि सरळ विचारलं, "तम्मा, खरं सांग. ही तुझी कंपनी त्या पोराला पैसे देते काय?"

"देते, अक्का. विमा त्यासाठीच असतो. तुमची गाडी, तुमचं सामान हे नंतरचं. रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून तर कायद्यानं विमा सक्तीचा केलाय. पण त्याला कोर्टात अर्ज करावा लागेल."

"आणि ह्यांच्या खिशातून जाणार?"

"नाही. कंपनी देणार. यांची फक्त सवलत जाईल."

"फक्त सवलत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं काही चांगलं नव्हतं. "हे म्हणतात, मी जिवंत असेपर्यंत बघीन. हे गेल्यावर? पुतण्या बघणार? पोराचं अजून लग्न व्हायचंय." मग त्यांनी विचारलं, "कोर्टात काय लागतं?"

"कुणीतरी बघितलेलं माणूस लागतं."

"मी बघितलंय की."

दुसऱ्या दिवशी त्या मारुतीच्या भावाला घेऊन वकिलाकडं गेल्या. टांग्यानं.

अप्पांना नोटीस आली आणि त्या घरात बोलणं बंद झालं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. अप्पा व्हरांड्यातून माझ्या बायकोला हाक मारायचे, "टीचरबाई, त्यांना सांगा, ताक पाहिजे." अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "त्यांना सांग, ताक ताटाशी ठेवलंय." बायको मधे उभी राहून शाळेत हजेरी घेतल्यासारखी दोन्हीकडं निरोप पोचवायची. मला अप्पा एवढंच म्हणाले, "घरातनं घाव बसला, इन्शुरन्स. बाहेरनं बसला असता तर चाललं असतं."

बाहेरनं बसला तेव्हा काय केलं ते दारावर बांधलेलं होतंच.

कंपनीच्या वकिलानं त्यांना धीर दिला. क्लेम खोटा ठरला तर कंपनीचे पैसे वाचत होते आणि अप्पांची सवलत. दोघांचं हित एकच. "तुम्ही एवढंच सांगा," वकिलानं पढवलं, "सायकल अचानक आडवी आली." अप्पांनी मान हलवली. मला त्यांचा त्या दिवशी खरोखर राग आला. एरवी खोटं बोलायला ज्याची जीभ उचलत नाही, तो माणूस एका पायरीसाठी हे बोलायला तयार झाला होता.

कोर्टात आधी अक्का उभ्या राहिल्या. जे बघितलं ते साध्या कन्नडात सांगितलं. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "नवऱ्याविरुद्ध बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं?" त्या म्हणाल्या, "नवऱ्याविरुद्ध कुठं? मी त्या ब्रेकविरुद्ध बोलतेय."

मग अप्पा. कोट, टोपी. पढवल्याप्रमाणे म्हणाले, "सायकल अचानक आडवी आली." आवाज मात्र त्यांचा वाटत नव्हता. खाली बाकावर कुबडी घेऊन बसलेल्या मारुतीकडं त्यांनी बघितलं नाही. एवढ्यावर वकील थांबला असता तर जिंकला असता. पण अक्कांचं ब्रेकचं बोलणं त्याला खोडून काढायचं होतं.

"ब्रेक चांगले होते ना?"

"लागायला पाहिजे होते," अप्पा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही आधी रस्त्यावर चालवून खात्री करून घेतली होती. हो ना?"

अप्पांनी मान वर केली. "कधी?"

"दसऱ्याच्या आधी. एकदोन दिवस."

"आधी? रस्त्यावर?" अप्पांचा आवाज आता त्यांचा स्वतःचा झाला. "गाडी बंद ठेवल्याची सवलत चालू असताना? काय बोलताय तुम्ही, वकीलसाहेब? मी काय चोर आहे?"

"तसं नाही, मी फक्त—"

"मिस्त्री म्हणत होता, ब्रेक खराब आहेत, चालवून बघू. मी फाटकाबाहेर जाऊ दिली नाही! विचारा, तो इन्शुरन्स बसलाय तिथं, त्याच्यासमोर सांगितलं मी. मुदत संपली त्या सकाळी गाडी बाहेर काढली. आधी एक फूट नाही!"

जजसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ब्रेक खराब आहेत हे मिस्त्रीनं सांगूनसुद्धा, ते न तपासता तुम्ही गाडी रस्त्यावर आणली?"

"हौद्री! होय!" अप्पा छाती काढून म्हणाले. "कंपनीला मी कधी फसवलेलं नाही."

वकील हळूच खाली बसला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळं कोर्ट हसलं. अप्पा पिंजऱ्यातून उतरले ते जिंकलेल्या पैलवानासारखे. आपल्या इमानदारीवर आलेला डाग त्यांनी सगळ्यांसमोर पुसून काढला होता. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी मला विचारलं, "कसं बोललो?"

"अप्पा," मी म्हणालो, "मारुतीचा क्लेम मंजूर होणार."

अप्पांनी कोर्टाच्या दाराकडं वळून बघितलं. मग पायरीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मारुती कुबडी टेकत समोरून गेला, थांबला, वाकून त्यांच्या पाया पडला. त्याला वाटलं, अप्पांनी त्याच्यासाठी खरं सांगितलं. अप्पांनी त्याला तसं वाटू दिलं. त्यांच्यात चांगुलपणा नव्हताच असं म्हणता येत नाही ते यासाठी. किंवा त्यांचं लक्षच नसेल.

पुढच्या वर्षी हप्ता भरायला ते आले. तोच कोट, तोच पेढ्यांचा पुडा. मी पावती करू लागलो.

"वाचा री," ते म्हणाले.

"अप्पा, त्या सवलतीचं वाचायला काही नाही."

"मग 'काही नाही' असं वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. घरी अक्कांशी बोलणं त्याच दिवशी सुरू झालं. ताक पाहिजे, एवढंच म्हणाले म्हणे, पण थेट म्हणाले.

भरपाईचे पैसे यायला पुढं बराच काळ गेला. ते आले तेव्हा मारुतीनं अळणावरच्या स्टेशनरस्त्यावर पेंडीचं दुकान टाकलं. उद्घाटनाला त्यानं अप्पा, अक्का आणि आम्हा दोघांना बोलावलं. एका बुटाला जाड तळवा लावून तो गल्ल्याशी उभा होता. पेंडीच्या पोत्यांच्या थप्प्या, नवा रंग, उदबत्ती. अप्पांनी नारळ फोडला, सगळं दुकान फिरून बघितलं, छताचे वासे हातानं दाबून बघितले.

"विमा काढलास काय?"

"काढला की, अप्पा. आगीचा."

"शहाणा आहेस. आता ऐक." अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही झालं तरी मागायचं नाही. पोतं जळू दे, दोन जळू दे. वर्षं जाऊ देत. मग बघ कशी सवलत चढत जाते."

मारुतीनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही सांगता ते बरोबर असेल. पण आग लागली तर मी आधी बंब बोलावीन, आणि मग अक्कांना."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. माझी बायको पेंडीच्या पोत्यावर बसून हसत सुटली. अप्पांना हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्या लंगड्या पोराच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला, आणि माझ्याकडं वळून अगदी कळवळून म्हणाले, "इन्शुरन्स, ह्याला आयुष्यात सवलत मिळायची नाही बघा."